आवाज मोठा कीं गाणें मोठें?

ध्वनिमुद्रण ही एके काळीं मुंबई-कलकत्त्याच्या बड्या कंपन्यांची मिरासदारी होती. आज ती मोडली आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राशेजारीं वसलेलें ऊर्जानगर घ्या, कीं गडचिरोलीकडील एखादें खेडें घ्या; एक संगणक, एक मायक्रोफोन आणि हेडफोनची एक जोडी एवढ्या भांडवलावर घरच्या खोलींत खंजिरीभजनें, भीमगीतें आणि झाडीपट्टीच्या नाटकांतील पदें मुद्रित करतां येतात. या सोयीचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करितों. परंतु तिच्या पाठोपाठ एक खूळही घरांत शिरलें आहे. गाणें तयार झालें कीं त्यावर लिमिटर नांवाचें साधन चढवावें, मापकाचा कांटा छताला चिकटून राहीपर्यंत आवाज रेटीत जावें, म्हणजे गाणें बाजारांत चालण्याजोगें होतें, असा उपदेश जो तो नवशिक्याला करीत सुटला आहे. हा उपदेश शास्त्राला धरून नाहीं, व्यवहाराला धरून नाहीं, आणि संगीताच्या तर तो मुळावरच आला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम शास्त्राची बाजू पाहूं. संगणकावरील मुद्रणाला एक छत असतें; त्या उंचीला शून्य डेसिबेल म्हणतात, आणि त्याखालचें सर्व माप उणे आंकड्यांनीं मोजतात. ध्वनिलहरीचा माथा या छताच्या वर जाऊं लागला कीं तो सपाट छाटला जातो, व त्या छाटलेल्या लहरींत मुळांत नसलेले कर्कश स्वर उत्पन्न होतात. यालाच आपण आवाज 'फाटला' असें म्हणतों. आतां गंमत अशी कीं, छताला टेंकतें तें क्षणिक शिखर. कानाला जाणवणारा मोठेपणा मात्र कांहीं काळाच्या सरासरीवर अवलंबून असतो. खंजिरीची एक थाप पापणी लवण्याच्या आंत छताला भिडून परत येते, आणि तिच्यामागें भजन म्हणणाराचा गळा सरासरीनें 15-18 डेसिबेल खालीं राहिलेला असूं शकतो. घरच्या मुद्रणाचा आवाज बारीक कां वाटतो, याचें उत्तर बहुधा येथेंच सांपडतें.

लिमिटर हीं शिखरें खालीं दाबतो, म्हणून मागच्या सगळ्याला वर उचलण्यास जागा होते. दोन-तीन डेसिबेलांपर्यंत हें काम तो इमानानें करतो. त्याच्याकडून दहा मागितले कीं खंजिरीच्या थापेची धार जाते, तिच्या चकत्यांची किणकिण भरड होते, आणि दोन ओळींमधील मोकळ्या जागेंत, चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत ज्याच्यावांचून गत्यंतर नाहीं तो कूलर गायकाच्या बरोबरीनें गाऊं लागतो. कारण गळ्याला उचलणारें साधन कूलरालाही उचलतें. दोष एका खंजिरीच्या शिखराचा, आणि शिक्षा मात्र सबंध गाण्याला! रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशांतलाच हा प्रकार आहे.

इतिहास काय सांगतो? 1902 सालीं फ्रेड गैसबर्गनें कलकत्त्यास गौहर जानचें गाणें मुद्रित केलें तेव्हां मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. विजेच्या साहाय्यानें मुद्रण करण्याची पद्धति 1925 च्या सुमारास रूढ झाली. तोंपर्यंत उंच स्वर आला कीं गायकानें कर्ण्यापासून मागें सरावें, आणि वाद्यांना त्यांच्या आवाजाच्या मानानें जवळ-दूर बसवावें, हाच उपाय होता. मापाची जबाबदारी यंत्रावर नव्हती. ती गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांवर होती. पुढें 1982 सालीं सीडी बाजारांत आली व सुमारें 96 डेसिबेलांचा ऐसपैस वाडा संगीताला राहावयास मिळाला. त्या वाड्याचें पाश्चात्त्य कंपन्यांनीं काय केलें? सारें सामान नेऊन आढ्याला टांगलें! शेजारच्याहून आपलें गाणें मोठें वाजावें या ईर्ष्येनें जी शर्यत लागली, तिचें टोंक मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 2008 सालच्या 'डेथ मॅग्नेटिक' या ध्वनिमुद्रिकेंत दिसलें. त्या वेळीं आवाज चिरडल्याची जाहीर तक्रार केली ती त्या वाद्यवृंदाच्या चाहत्यांनींच. ज्या चुकीचीं फळें दुसऱ्यांनीं चाखून थुंकलीं, तीं आम्हीं हौसेनें कां तोडावीं?

यावर प्रतिपक्ष म्हणेल, 'हें सारें ठीक. पण आमचें गाणें दुसऱ्याच्या गाण्यापाठोपाठ लागतें. तें बारीक वाटलें तर ऐकणारा अंगठ्यानें पुढें सरकवितो. मग तुमची धार घेऊन काय करावयाचें?' हा आक्षेप पोरकट नाहीं. एकच गाणें दोनदां वाजविलें आणि दुसऱ्यांदां आवाज किंचित् वाढविला, तर दुसरें सरस वाटतें, हा कानाचा स्वभावच आहे. आवाज लहान असतां खर्जाचे स्वर कानाला विशेषच क्षीण वाटतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं 1933 सालीं मापून दाखविलें. म्हणून मोठें गाणें भरदारही भासतें.

परंतु प्रतिपक्षाला ज्या बाजाराची भीति वाटते, त्या बाजारानेंच आपलें माप बदललें आहे, हें त्याच्या गांवीं नाहीं. 2006 सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें शिखरावरून नव्हे, तर कानाला जाणवणाऱ्या मोठेपणावरून ध्वनि मोजण्याची पद्धति ठरवून दिली. तिच्याच आधारानें आज यूट्यूब सुमारें उणे 14 या मापाहून मोठें असलेलें गाणें आपण होऊन खालीं आणतें. म्हणजे ज्यानें गाणें ठेंचून उणे 8 पर्यंत चढविलें, त्याचे सहा डेसिबेल दारांतच काढून घेतले जातात. तो उणे 14 वाल्याच्या शेजारीं त्याच उंचीवर येऊन बसतो. फरक इतकाच, कीं एकाची खंजिरी जिवंत असते आणि दुसऱ्याची मेलेली. एकमेकांना भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या मुद्रणांना असा जकातनाका नसतो, हें आम्हांस मान्य आहे. तेथें गाणें दोन-तीन डेसिबेल वर ठेवण्यास आमची हरकत नाहीं. पण त्यासाठीं गाण्याचा गळा आवळण्याचें कारण नाहीं.

मग मोठेपणा आणावा कोठून? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? तो मुद्रणाच्या आधींच आणावा लागतो. पहांटे, कूलर आणि पंखा बंद करून, जाड पडदे व गाद्या यांच्या आडोशाला मुद्रण करावें. गायकानें मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर राहावें, आणि खंजिरी निराळी, दोन-तीन हात दुरून मुद्रित करावी. मुद्रण करितांना शिखरें उणे 10 च्या आसपास राहूं द्यावीं. छताला भिडण्याची घाई नको. गळ्याच्या मुद्रणांतून 80 कंपनांखालील घरघर काढून टाकावी; ती फारशी ऐकूं येत नाहीं, पण जागा खाते. ऑर्गन, ऑक्टोपॅड आणि गळा हे तिघे एकाच पट्टींत भांडत असतील तर आवाज वाढवूं नये, वाद्य कमी करावें. नंतर जे शब्द बुडतात ते एकेक करून हातानें वर उचलावे, व कॉम्प्रेसर हलक्या हातानें लावावा. कॉम्प्रेसर म्हणजेच भ्रष्टाचार असें मानणारे सोवळे लोकही आहेत. कर्ण्यापासून मागें सरणारा गायक स्वतःच कॉम्प्रेसर होता, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. अगदीं शेवटीं लिमिटर, तोही दोन-तीन डेसिबेलांपुरता. आणि त्याचें छत उणे 1 वर ठेवावें, कारण पुढें फाइल लहान करितांना शिखरें पुन्हां थोडीं वर येतात. आदर्श म्हणून ठेवलेल्या गाण्याशीं आपलें गाणें ताडून पाहावयाचें तर दोन्ही एकाच मोठेपणावर आणून ऐकावीं. नाहीं तर कान फसलाच. या सगळ्याला पैसा फारसा लागत नाहीं, धीर लागतो. आणि धीर विकत मिळत नाहीं म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करीत नाहीं.

कोणी म्हणेल, चार डेसिबेलांसाठीं एवढा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें, कीं प्रश्न डेसिबेलांचा नाहीं, शब्दांचा आहे. आमच्या या भागाचें संगीत शब्दासाठीं जन्मलें आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें चिमूरच्या 1942 च्या उठावापूर्वीं माणसें जागीं केलीं. 16 ऑक्टोबर 1956 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चंद्रपुरांत धम्मदीक्षा दिली, त्या दिवसाचें स्मरण भीमगीतें करितात. वडशाच्या नाटकमंडळ्या रात्र रात्र झाडीबोली जागती ठेवितात, आणि त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 सालीं पद्मश्री मिळाली. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांनीं, आणि व्यंजन म्हणजे लहानशी थापच होय. जें साधन खंजिरीची धार बोथट करतें, तेंच 'त' आणि 'प' यांचीही करतें. ज्या बोलीचे उच्चार पुस्तकांत फारसे उतरले नाहींत, तिच्या घरगुती मुद्रणांत ते पुसले गेले तर पुढील पिढीनें ते शोधावे तरी कोठें?

तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि गायकाचे दोष सांगतांना आरडून गाणाऱ्याला 'उद्घुष्ट' म्हणून वेगळें काढलें. त्या वेळीं हा दोष निदान गायकाच्या स्वतःच्या गळ्याचा होता. आज गायक संयमानें गातो आणि त्याच्या अपरोक्ष संगणक त्याला उद्घुष्ट करून सोडतो! ऐकणाराच्या हातीं आवाज वाढविण्याचें बटन आहे. तो हवा तेव्हां तें फिरवील. चिरडलेलें गाणें पूर्ववत् करण्याचें बटन मात्र अद्याप कोणाच्याही हातीं आलेलें नाहीं.