खोली दाखवणाऱ्या पोराच्या रिचार्जचा हिशेब



गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतला एक मुलगा घरी आला. बारावी झालेला, वय तेवीस. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करून थकलेले. हा कामोठ्यातल्या एका रूम एजंटाकडे भाड्याच्या खोल्या दाखवण्याचे काम करतो. पगार नाही, खोली गेली तर दलालीतला वाटा मिळतो. आला तो तोंड पाडूनच.

"काका, महागातला रिचार्ज मारला, तरी व्हिडिओ अडकतो. करंजाड्याची पार्टी हातची गेली."

पनवेलच्या आजूबाजूला आज भाड्याच्या घरांची मोठी धावपळ आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि कामाच्या शोधात माणसे इकडे येऊ लागली. कुणी मानखुर्द-गोवंडीहून येतो, कुणी थेट नांदेड-परभणीहून. खोली बघायला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. आणि एका फेरीत खोली पसंत पडेल याची खात्री नाही. म्हणून आमचा हा मुलगा फोन हातात धरून खोलीत फिरतो आणि पलीकडे बसलेले नवराबायको आपल्या घरातूनच मोरी, ओटा, भिंतीची ओल, नळाचे पाणी, सगळे जागच्या जागी बघतात. गरिबाच्या फायद्याची गोष्ट आहे. पण करंजाड्याला मुलगा हॉलमधून आत स्वयंपाकघरात शिरला आणि चित्र थांबले. पलीकडच्या बाईंना वाटले, आतले काही लपवतो आहे. त्यांनी दुसरीकडे खोली घेतली.

मी कारकून माणूस. शिकलो कॉमर्स. मोबाईलच्या दुकानातला मी कोणी नाही. परंतु हिशेब मांडता येतो. वही काढली आणि त्याला समोर बसवले. तो हिशेब आपल्या घरांतल्या इतर मुलामुलींनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

पहिली गोष्ट : किती नेट लागते?

कंपन्या नेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात आणि पॅक जीबीमध्ये विकतात. घोळ इथेच होतो. १ एमबीपीएस वेगाने व्हिडिओ गेला तर एका मिनिटाला साडेसात एमबी खर्च होतात. बऱ्यापैकी स्वच्छ चित्रासाठी २ एमबीपीएस धरा, म्हणजे मिनिटाला १५ एमबी. एक खोली नीट दाखवायला पंधरा मिनिटे लागतात. पंधरा गुणिले पंधरा, २२५ एमबी. दिवसाला तीन खोल्या दाखवल्या तर ६७५ एमबी. म्हणजे रोज दीड जीबीचा साधा पॅक पुरतो आणि वर उरतो.

मात्र व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये आपले चित्र जाते तसे समोरच्याचेही येते. त्याचाही खर्च आपल्याच खात्यावर पडतो. दोन्ही बाजूंचे चित्र सारखेच धरले तर खर्च दुप्पट, १३५० एमबी. मग दीड जीबी काठावर येतो. यावर उपाय फुकटचा आहे. पार्टीला नम्रपणे सांगायचे, "ताई, तुमचा कॅमेरा बंद ठेवा, आवाज चालू राहू द्या." दोघांचेही नेट वाचते.

दुसरी गोष्ट : मोठा पॅक म्हणजे चांगली रेंज नव्हे.

आमच्या मुलाची चूक इथे झाली. व्हिडिओ अडकला म्हणून त्याने जास्त जीबीचा पॅक मारला. टाकी मोठी घेतली म्हणून नळाला पाणी जोरात येत नाही. नळाचा जोर वेगळा, टाकीचे माप वेगळे. रोजचा कोटा संपल्यावर बहुतेक पॅकचा वेग ६४ केबीपीएसवर उतरतो आणि त्यात व्हिडिओ चालत नाही हे खरे. पण याचा कोटा संपलाच नव्हता.

दुसरे असे की आपण सिनेमा बघतो तेव्हा नेट टॉवरकडून फोनकडे येते. खोली दाखवताना ते फोनकडून टॉवरकडे जाते. टॉवर म्हणजे पहिलवान, त्याचा आवाज लांबवर पोचतो. फोन म्हणजे लहान मूल. चार भिंतींच्या आतून त्याची हाक टॉवरपर्यंत जायला हवी. म्हणून ज्या फोनवर मालिका बिनदिक्कत दिसते त्याच फोनवरून व्हिडिओ पाठवताना तो अडकतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो येण्याचा वेग. आपल्याला पाहिजे जाण्याचा, ज्याला अपलोड म्हणतात.

फाईव्ह-जीचेही तसेच आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ते देशात सुरू झाले आणि उघड्यावर वेग भरपूर मिळतो. परंतु त्याच्या लहरी बऱ्याच ठिकाणी जास्त वारंवारतेच्या असतात आणि अशा लहरी भिंतीतून जाताना लवकर दुबळ्या होतात. आतल्या खोलीत चित्र अडकू लागले तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फोर-जी लावून बघावे. पुष्कळदा काम भागते.

तिसरी गोष्ट : सिम निवडायचे कसे?

दुकानदाराला विचारून नव्हे, जागेवर जाऊन. मुलाला मी सांगितले ते असे.

आपण ज्या इमारतींत खोल्या दाखवतो त्यांची यादी करावी. कामोठे, करंजाडे, सुकापूर, विचुंबे, खांदा कॉलनी, जिथे काम असेल तिथली. वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन-तीन मित्र सोबत घ्यावेत. ट्रायचे मायस्पीड नावाचे ॲप आहे. त्यावर जिन्यात, हॉलमध्ये आणि सर्वांत आतल्या मोरीत वेग मोजावा आणि अपलोडचा आकडा वहीत लिहावा. एकदा सकाळी अकराला, एकदा रात्री नवाला, कारण रात्री सगळेच नेटवर असतात आणि वेग पडतो. २ एमबीपीएसचा व्हिडिओ पाठवायचा तर मोजणीत निदान ४ दिसले पाहिजेत. काठावरच्या हिशेबाने धंदा होत नाही. ज्या सिमचे आकडे जास्त जागी चार ओलांडतात ते आपले सिम. ते स्वस्त की महाग हा प्रश्न त्यानंतरचा.

आता पैशांचे बघू. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपये झाला. एअरटेलचा तसाच पॅक २९९ वरून ३४९ झाला. दर पुन्हा बदलू शकतात, म्हणून रिचार्जच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर बघावेच. पण हिशेबाची रीत बदलत नाही. २९९ भागिले २८, म्हणजे रोजचे पावणेअकरा रुपये. आणि लक्षात ठेवा, २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. १३ गुणिले २९९ म्हणजे ३८८७ रुपये.

त्याच दरवाढीत जिओचा ८४ दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक ७९९ ला होता. २८ चे तीन पॅक घेतले तर ८९७, म्हणजे यात ९८ रुपये वाचतात. पण ७९९ रुपये एकदम काढायचे म्हणजे आपल्या घरात कुणाच्या तरी औषधाला किंवा फीला हात लागतो. म्हणून पहिला महिना २८ दिवसांचाच घ्यावा, काम जमले तर पुढे मोठा. उधार काढून मोठा पॅक मारू नये.

घरच्या नंबरला रेंज बरी नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला मोबाईल नंबर, असा संदेश १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे. फसल्यास प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार म्हणजे पावतीशिवाय भरलेले पैसे.

चौथी गोष्ट : दाखवताना पाळायचे नियम.

सुरुवातीला यूट्यूबच्या मागे लागू नये. मोबाईलवरून तेथे थेट प्रक्षेपण करायला निदान ५० सदस्य लागतात. एका कुटुंबाला खोली दाखवायला व्हॉट्सॲपचा कॉल पुरे. सुरू करण्यापूर्वी बाकीचे कॉल येणार नाहीत अशी सोय फोनमध्ये करावी. आधी आतली खोली दाखवावी आणि शेवटी हॉल; रेंज गेली तरी लपवल्याचा संशय येत नाही. मालकाची परवानगी घ्यावी. जुने भाडेकरू राहत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे सामान, त्यांची मुले दाखवू नयेत.

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. व्हिडिओ बघून अनामत रक्कम पाठवू नका. व्हिडिओने चार खोल्यांतल्या तीन बाद होतात, चौथी डोळ्यांनीच बघायची. कुणी फसवून पैसे घेतलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

हिशेब संपला. मुलगा उठला नाही. चहा निवत चालला होता.

"काका, अजून एक आहे. एका मालकाने सांगितलंय, व्हिडिओ दाखवायच्या आधी आडनाव विचार. 'आपल्या' लोकांनाच दाखव, म्हणतो."

मंडळी, या वाक्याने मी वीस वर्षे मागे गेलो. लग्नानंतर मी आणि घरची दोघे खोली शोधत होतो. एका ठिकाणी मालकीणबाईंनी पाणी दिले, भाडे सांगितले, खोली दाखवली. मग आडनाव विचारले. आतून येऊन म्हणाल्या, "अहो, ही कालच दिली यांनी, मला माहीत नव्हतं." परतताना घरची रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नव्हे. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व तिच्या भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. २०१५ मध्ये ती इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत प्रसिद्ध झाली. दलित आणि मुसलमान भाडेकरूंना घर नाकारले जाते, आणि फोनवरच्या चौकशीपेक्षा समोरासमोर गेल्यावर अधिक नाकारले जाते, असे तिच्यात आढळले. म्हणजे फोन हातात आल्याने भेदभाव जात नाही. तो दारापर्यंत वाट बघत थांबतो. आणि आता तर दाराशी नव्हे, फोनवरच आडनाव विचारायला सांगतात, आणि विचारणारा कोण? आपलाच मुलगा.

मी त्याला म्हणालो, "रिचार्ज कुठला मारायचा हे मी सांगितलं. हे मात्र तुझं तुला ठरवायचंय. पण एवढं बघ, उद्या नांदेडहून आपलंच एखादं कुटुंब फोन करील. तू आडनाव विचारशील आणि खोली रिकामी असून 'कालच दिली' म्हणशील. ते तोंडातून निघेल का तुझ्या?"

तो काही बोलला नाही. चहा पिऊन गेला.

पंधरा दिवसांनी परत आला. तीन सिम मोजून एक घेतले होते, २८ दिवसांचाच पॅक. आतली खोली आधी दाखवायची रीत त्याला मानवली. दोन खोल्या गेल्या, एक सुकापूरला, एक कामोठ्यात. त्या मालकाचे काय, मी विचारले. म्हणाला, "सांगितलं त्यांना. जो फोन करील त्याला दाखवणार, आडनाव विचारणार नाही. त्यांनी खोली काढून दुसऱ्याला दिली दाखवायला."

"नुकसान झालं मग."

"झालं की. साडेचार हजार गेले."

एवढे म्हणून तो माझ्याच वहीत अपलोडचे आकडे उतरवू लागला. नव्या पनवेलची एक इमारत मोजून आला होता.

माझ्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने आहेत. ते साडेचार हजार कुठल्या रकान्यात लिहायचे, हे मी अजून ठरवलेले नाही. तुम्ही तुमच्या मुलांना विचारून बघा.

जय भीम.