संलग्नता कोणाशी, मैदान कोणाचे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघरचनेत गेल्या काही वर्षांत जी उलथापालथ झाली, तिच्याकडे मराठीच्या प्राध्यापकाने का पाहावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर दोन शब्दांत दडलेले आहे. त्यांतला एक शब्द तिकडचा, दुसरा आपला.

तिकडचा शब्द 'विद्यार्थी-खेळाडू'. दिसायला निरागस. पण 1950च्या दशकात एनसीएए या संघटनेने तो घडवला आणि रुजवला तो एका कायदेशीर गरजेपोटी. मैदानावर जायबंदी झालेल्या मुलाने आपण महाविद्यालयाचे कामगार आहोत असे म्हणून भरपाई मागू नये, ही ती गरज. पुढे या संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच आपल्या पुस्तकात शब्दाची ही जन्मकथा सांगितली. एका जोडशब्दाने अर्धशतकाहून अधिक काळ कोट्यवधींचा हिशेब झाकून ठेवला.

त्या हिशेबाचे आजचे रूप असे. तिथली विद्यापीठे खेळांपुरती गटागटांत बांधलेली असतात. हे गट मुळात भूगोलावर उभे होते. शेजारच्यांनी शेजारच्यांशी खेळावे, इतके साधे तत्त्व. प्रशांत किनाऱ्यावरचा असा गट 1915 सालापासून चालत आला होता. जून 2022 मध्ये लॉस एंजलिसची दोन बडी विद्यापीठे 'बिग टेन' या मध्यपश्चिमेकडील गटात जाण्यास निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'बिग टेन'ने दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा, सुमारे सात अब्ज डॉलरचा करार जाहीर केला. मग रीघच लागली. बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली आणि 2024 साली त्या गटात उरली अवघी दोन. 'बिग टेन' म्हणजे दहा, पण सदस्य अठरा. आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात! करार झाला तो फुटबॉलसाठी. त्याची किंमत मात्र व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली विमानप्रवासात मोजतात.

आता आपला शब्द: 'संलग्न'. मूळ अर्थ लागून असलेला, चिकटलेला. या अर्थाची आमच्या भागात जी गत झाली आहे ती पाहण्यासारखी आहे. महाडपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, माणगाव तालुक्यात, लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. स्थापना 1989 च्या कायद्याने. 2014 च्या कायद्याने त्याला राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला आणि 2017 पासून दूरदूरची अभियांत्रिकी महाविद्यालये आपापली जुनी विद्यापीठे सोडून त्याला जोडली गेली. म्हणजे विदर्भातले महाविद्यालय लोणेऱ्याला 'लागून' आहे आणि लोणेऱ्याच्या शेजारचे महाडचे कला-वाणिज्य महाविद्यालय पावणेदोनशे किलोमीटरवरच्या मुंबईला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठले, तर तिथे शिवाजी विद्यापीठाची हद्द. स्टॅनफर्डला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अभ्यासक्रम, परीक्षा, निकालांचा विलंब अशा कारणांनी महाविद्यालयांनी विद्यापीठ बदलले असेल, तर त्यात गैर काही नाही. पण या साऱ्या विचारात मैदान कुठेच नव्हते. आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळाडू आपल्या विद्यापीठाकडूनच उतरतो. त्यामुळे संलग्नता हलली की संघही हलतो. एकाच गावच्या मंडळातून कबड्डी खेळणारे दोन मित्र, एक अभियांत्रिकीला आणि एक बी.ए.ला गेला, की महाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांसमोर येण्याची शक्यता जवळजवळ संपते. विद्यार्थ्याच्या शुल्कातला क्रीडेचा वाटाही संलग्नतेबरोबर दुसरीकडे जातो. तिकडे पैशासाठी नकाशा बदलला. इकडे नकाशा बदलला आणि पैसा कुठे गेला, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. तिकडचा लोभ निदान उघड आहे.

आणि पैशाचे वारे इथे पोहोचलेले नाही, असेही नाही. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. 2021 ते 2025 या हंगामांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी 908 कोटी रुपये मोजले गेले. 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा होत आहेत. विद्यापीठीय खेळांतील सर्वोच्च मानाचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक 2024 साठी चंदीगड विद्यापीठाला मिळाला आणि त्याच्या पाठोपाठ लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ होते. दोन्ही खासगी. चांगला खेळाडू ज्याच्याकडे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि प्रशिक्षक असेल त्याच्याकडे जाणार, हे स्वाभाविक आहे. पण रायगडात कबड्डी गावोगावच्या मंडळांनी जगवली. तिथला खेळाडू एक तर परराज्यात जावा किंवा पदवीबरोबर त्याचा खेळ संपावा, एवढेच दोन पर्याय असावेत का?

यावर स्वतंत्र कोकण विद्यापीठ हा उपाय जुन्या मागणीच्या रूपाने सतत पुढे येतो. त्याचे गुणदोष काहीही असोत, मैदानाचा प्रश्न त्याने सुटणार नाही. लोणेऱ्याची संलग्नता तेव्हाही वेगळीच राहील. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. स्पर्धेची पहिली फेरी संलग्नतेवर न ठरवता अंतरावर ठरवावी. महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील सर्व महाविद्यालयांनी, ती कोणत्याही विद्यापीठाची असोत, आधी एकमेकांशी खेळावे. पुढची निवड ज्याच्या त्याच्या विद्यापीठाने याच सामन्यांवरून करावी. नियमांत मोठी मोडतोड नको. दोन क्रीडा विभागांनी एकत्र बसून वेळापत्रक आखले तरी पुरे.

आक्षेप येईल की अशाने दर्जा घसरेल, मुंबईच्या संघांशी गाठ पडल्याशिवाय खेळाडू घडत नाही. गाठ पडावीच; पण ती पुढच्या फेरीत. पहिल्याच सामन्यासाठी दिवसभराचा प्रवास, उसने बूट आणि परतीच्या एस.टी.ची धास्ती घेऊन उतरलेल्या मुलाचा दर्जा त्या सामन्यात दिसतच नाही. मुलींच्या बाबतीत तर बहुतेकदा घरूनच नकार येतो आणि संघ कागदावरच राहतो.

दुसरी मागणी हिशेबाची. प्रत्येक विद्यापीठाने क्रीडाशुल्क किती गोळा झाले आणि कोणत्या तालुक्यात किती खर्च झाले, हे दरवर्षी जाहीर करावे. शब्दांचे अर्थ तपासणे हे आपले, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे, रोजचे काम आहे. 'संलग्न' या शब्दाला त्याचा अर्थ परत मिळवून देण्याची मागणी आपण नाही करायची, तर कोणी?