संशयित आम्ही, मग तपासही आमचाच
भिवंडीतल्या रहस्यकथाप्रेमींचा जाहीरनामा

आम्ही भिवंडीची माणसं. मागावर रात्रपाळी करणारे, कांड्या भरणाऱ्या, गोदामात माल उतरवणारे, शाळेत शिकवणारे. रहस्यकथेवर आमचा जीव आहे. आजपासून ती आम्ही लिहिणार.

बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप यांचं ऋण आम्ही मानतो. समीक्षकांनी ही पुस्तकं उंबऱ्याबाहेर ठेवली. कामगारांनी ती पानं सुटेपर्यंत वाचली. सुहास शिरवळकरांनी तर मंदार पटवर्धनाच्या बरोबरीनं फिरोज इराणीला नायक केलं. ती वाट पुढे रुंद झाली नाही. गरिबांची वस्ती बहुतेक वेळा गुंडांचा अड्डाच राहिली, मुसलमान स्मगलर नाहीतर इमानी नोकर, आणि बाई एकतर प्रेत किंवा आमिष.

संशय कुणावर घ्यायचा, ही सवय गोष्टी लावतात. १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२मध्ये तो रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात असं शिक्का बसलेलं जगणं आतून मांडलं. रहस्यकथेनं मात्र तिकडे पाहिलं नाही.

माणूस पाहून संशय घेणं आमच्या गावाला नवं नाही. मे १९७०च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन आयोग बसला. पोलिसांच्या विशेष पथकानं तपासात धर्म पाहून भेदभाव केला, असा ठपका आयोगानं ठेवला. म्हणजे तपासाचाच तपास करावा लागला! एवढं मोठं कथानक दारात असताना आपले डिटेक्टिव्ह कुठे होते?

फ्रान्समध्ये एक लेखक पुढे आला. १७ ऑक्टोबर १९६१ला पॅरिसच्या पोलिसांनी निदर्शनं करणाऱ्या अल्जेरियन माणसांना मारलं, कित्येकांना सीन नदीत फेकलं. सरकारनं ते वर्षानुवर्षं दडवलं. दिदिये देनँक्स यांनी १९८०च्या दशकात त्यावर रहस्यकादंबरी रचली. त्या रात्री मारल्या गेलेल्या एका इतिहासशिक्षकाच्या खुनाचा माग काढत तिचा इन्स्पेक्टर सरकारी यंत्रणेतल्या वरच्या खुर्चीपर्यंत पोचतो. खपणारी, थरारक गोष्ट हे करू शकते, म्हणूनच आम्हाला रहस्यकथा हवी.

आमच्या कथेत जात, धर्म किंवा वस्ती हा पुरावा नसेल. पद्मानगरची तेलुगू, निजामपुऱ्यातल्या कोकणी मुसलमानांची बोली, मागावरची भोजपुरी, आगरी गावांची मराठी, सगळ्या भाषा साक्ष देतील. बाई तपास करील. वीटभट्टीवरचा कातकरी मजूर फक्त साक्षीदार म्हणून येणार नाही. पोलिसांच्या नजरेतून सुटलेली खूण तो ओळखील. १९९२च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्यात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांचा मोठा वाटा होता. तिथे शेजारी बसलेल्या हिंदू-मुसलमानांसारखी माणसं आमचे डिटेक्टिव्ह असतील.

खलनायक कुठल्याही समाजाचा असू शकतो, आमचाही. देवमाणसं रंगवून कुणाचा मान वाढत नाही.

पहिली कादंबरी कोसळलेल्या इमारतीची. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर पडली. तीसहून अधिक जीव गेले. अशा मरणाच्या कथेत एक खुनी पकडून भागत नाही. धोक्याची इमारत कुणी ओळखली होती, कुणी गप्प बसलं, माणसं तरीही तिथे का राहिली, हे प्रकरणागणिक उलगडावं लागेल.

लिहायचं असेल त्यानं यावं. शुद्धलेखन आम्ही तपासून घेऊ. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही उतरवून घेऊ. नाव मात्र सांगणाऱ्याचंच छापू.