रस्ता तुटला की दवाखाना कुठं?

महाबळेश्वरात पाऊस किती झाला याची बातमी आम्ही पत्रकार दरवर्षी देतो. वेण्णा तलाव भरला, लिंगमळ्याचा धबधबा सुरू झाला, चार फोटो टाकले, संपलं. मथळेसुद्धा ठरलेले. पण २०२१ च्या जुलैचा आकडा मथळ्यात मावणारा नव्हता. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत इथं ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात साधारण एवढाच पडतो.

त्याच दोन दिवसांत आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडींखाली माणसं गेली, वाईच्या देवरुखवाडीतही गेली. घाटाखाली चिपळूणमध्ये कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि रुग्ण दगावले. कोरोनाची दुसरी लाट तेव्हा सातारा जिल्ह्यातून पुरती गेलीही नव्हती. म्हणजे साथ, पूर आणि दरड एकाच आठवड्यात. संकटं रांगेत उभी राहून एकेक करून येत नाहीत, हे त्या आठवड्यानं दाखवलं.

आता सरकारी हिशोब बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक, डोंगरी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्र ५ हजारांमागे, डोंगरात ३ हजारांमागे. डोंगराला सवलत दिली, चांगलं केलं. पण मोजलं काय? डोकी. दवाखान्यात पोचायला वेळ किती लागतो, रस्ता वर्षातले किती दिवस बंद असतो, हे या हिशोबात कुठंच नाही. महाबळेश्वर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सत्तर हजारांच्या थोडी वर. कागदावर सगळं बसतं. शिवाय उन्हाळ्यात आणि दिवाळीत जे पर्यटक येतात, ते तर कुठल्याच रकान्यात नाहीत. त्यांनाही हार्ट अटॅक येतो की!

कांदाटी खोऱ्याचं घ्या. कोयना धरण झालं, शिवसागराचं पाणी पसरलं आणि पलीकडची गावं पलीकडंच राहिली. लाँचनं तापोळ्याला या, तिथून घाट चढून महाबळेश्वर, पुढं केळघर घाटानं मेढा, मग सातारा. नाहीतर पसरणी घाटानं वाई. यातला एक दुवा तुटला तरी पेशंट अडकला. पावसाळ्यात वारं सुटलं की लाँच नाही, धुकं उतरलं की गाडी नाही. १०८ ची सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले, त्याबद्दल वादच नाही. पण १०८ ला फोन लावायला रेंज लागते. झाड पडून वीज गेली, टॉवर बंद पडला, की तो नंबर नुसता भिंतीवर रंगवलेला राहतो.

एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर खोऱ्यातलं दरे गाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. हेलिकॉप्टर उतरताना टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. तापोळा ते आहिर पुलाचं कामही हाती घेतलं. पूल हवाच, माझा विरोध नाही. पण पूल म्हणजे रस्ता, आणि प्रश्न रस्ता नसेल तेव्हाचा आहे. जुलैच्या ढगात हेलिकॉप्टरही उतरत नाही.

मग तेव्हा धावतं कोण? २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीच्या दरीत गेली, एकच जण वाचला. त्या खोल दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत महाबळेश्वर ट्रेकर्स, सह्याद्री ट्रेकर्सची पोरं होती. पगार नाही, नोकरी नाही. गावागावांत आशाताई आहेत, ज्यांना कोरोनाच्या ऐन काळात, जून २०२१ मध्ये, मानधनासाठी संप करावा लागला. आपली खरी आरोग्यव्यवस्था ही माणसं आहेत, आणि आपण त्यांचा सत्कार करतो. शाल, नारळ, फोटो. (फोटो आम्हीच काढतो, ते सोडा.)

साताऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये जंबो कोविड सेंटर उभं राहिलं. गरज होती, जीव वाचले. लाट ओसरली, ते बंद झालं आणि कंत्राटी कर्मचारी घरी गेले. देशभरात पीएम केअर्समधून बाराशेच्या वर ऑक्सिजन प्लांट बसवले. मशीन बसवताना फीत कापतात. पण ती चालवायला ऑपरेटर लागतो, दुरुस्ती लागते, जनरेटरला डिझेल लागतं, आणि त्याची फीत कुणी कापत नाही, म्हणून त्याला पैसेही मिळत नाहीत. आता साताऱ्यात सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, ही मोठी गोष्ट. पण महाबळेश्वरहून ते पन्नासेक किलोमीटरवर, आणि मध्ये घाट आहे.

माझ्या मते मागण्या फार मोठ्या नाहीतच. आदिवासी जिल्ह्यांत 'माहेरघर' योजना आहे, बाळंतपणाच्या आधीच गरोदर बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, जेवणाराहण्याची सोय करायची. कांदाटी खोरं आदिवासी म्हणून नोंदलेलं नाही, पण पावसाळ्यात तिथल्या बाईची अडचण वेगळी आहे का? चार महिने तरी ही योजना तापोळ्याला लावा. मे महिन्यात रेशनचं धान्य जसं दुर्गम गावांना आधी पोचवतात, तशी बीपी-शुगरची, फिटची औषधं आणि साप चावल्यावरची लस तीन महिन्यांची आधीच पोचवा. आरोग्य केंद्रात सोलर आणि वायरलेस द्या. ट्रेकर्सच्या पोरांना प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण, विमा आणि मानधन द्या. आणि डॉक्टर तिथं राहावा असं वाटत असेल तर त्याला न गळणारं क्वार्टर द्या. गळक्या खोलीत महाबळेश्वरचा पाऊस काढून दाखवा, मग डॉक्टर पळून जातात म्हणून बोला.

पावसाळ्याआधी तहसीलला आपत्ती व्यवस्थापनाची बैठक होते. जेसीबी कुठं उभे राहणार याची यादी तिथं असते. यंदा त्या यादीशेजारी दुसरी यादी असावी : रस्ता बंद झाला तर कुठल्या गावचा पेशंट कुठल्या वाटेनं कुठं जाणार, सोबत कोण असणार, आणि नववा महिना लागलेल्या बाया कुठल्या गावात किती. खोऱ्यातल्या सरपंचांनी आणि आशाताईंनी आपल्या गावाची माहिती मला लिहून पाठवली, तर त्या बैठकीत मी ती वाचून दाखवेन.