लाल शाई आणि सुट्टीतली वही

कोजागरीचे दूध आटते न आटते तोच घरोघरी एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो, "आता सुट्टीत या पोरांचं करायचं काय?" शाळेची सुट्टी म्हणाल तर दोन-तीन आठवड्यांची. पण सहामाही परीक्षा, फराळ, पाडवा, भाऊबीज, तुळशीचे लग्न करता करता त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिना कसा सरतो ते कळत नाही. नेमके याच दिवसांत आपले दोन्ही हात पिठात असतात आणि मुलांचे दोन्ही हात रिकामे. मग मोबाइल आहेच, आणि त्यावरून ओरडणारी आईही आहेच.

मला आज सांगायची आहे ती आमच्या घरातली २०२३ सालच्या सुट्टीची हकिकत. त्यात माझी एक मोठी चूक झाली. ती सांगितली तर तुमच्यापैकी एखादीची टळेल, म्हणून लिहिते.

आमची थोरली तेव्हा आठवीत होती आणि धाकटा पाचवीत. थोरलीला मातीत हात घालायची पहिल्यापासून हौस. दिवाळीतला किल्ला तिचाच. धाकट्याचे मात्र आज हे, उद्या ते. तिकिटे झाली, काड्यापेट्या झाल्या, क्रिकेटवीरांची चित्रे झाली. त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांपाशी त्याला एक पक्षी दिसला. पांढराकाळा, सारखी शेपूट खालीवर करणारा. त्याने मला विचारले, तर मी पोळ्या लाटता लाटता म्हटले, "असेल काहीतरी, आधी गणितं कर." सासूबाई मात्र माळ ओढता ओढता थांबल्या. म्हणाल्या, "अरे, तो धोबी! पाऊस सरला की येतो. धुणं आपटल्यासारखी शेपूट आपटतो बघ."

झाले! त्या दिवसापासून नातू आणि आजी यांची गट्टी जमली. धोबी झाला, पाने शिवून घरटे करणारा शिंपी झाला, टुक टुक करणारा तांबट झाला, सुतार, सुगरण, कोतवाल अशी सगळी बलुतेदारी गोळा झाली. भारद्वाजाला सासूबाई कुंभारकुकडा म्हणतात, आणि तो सकाळी दिसला की दिवस चांगला जातो असे त्यांचे ठाम मत. धोबी मात्र आपल्याकडचा नव्हेच, तो हिमालयातून आणि त्याहूनही उत्तरेकडून थंडीपुरता येणारा पाहुणा, हे धाकट्याने शोधून काढून आजीला सांगितले. "म्हणजे हाही सुट्टीलाच येतो म्हणायचा!" इति आजी.

मग एक जुनी शंभर पानी वही निघाली. वडाळे तलावावर सकाळी फिरायला जाताना तो ती बरोबर नेऊ लागला.

परीक्षा आटोपली तशी ५ नोव्हेंबरच्या रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो. पनवेलकरांना कर्नाळा म्हणजे घरचाच. गोवा रस्त्याला साधारण बारा किलोमीटर, एस.टी.नेही जाता येते. पण जवळचे म्हणून आपण जातच नाही. पाहुणे आले की त्यांच्या निमित्ताने काय ते जाणे होते. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेले हे रान आज सुमारे बारा चौरस किलोमीटरचे आहे. जायचे तर उजाडता उजाडता पोचावे. उन्हे वर आली की पक्षी गप्प होतात आणि माणसे बोलू लागतात. कपडे भडक नकोत, आणि डबा साधा, वास न येणारा असावा; गडाच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर आणि आरडाओरडा दोन्ही घरी ठेवून जावे.

वाटेत शिरढोण लागते. ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, म्हणजे आम्ही गेलो त्याच्या आदल्याच दिवशी त्यांची जयंती होऊन गेली होती. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते हे ह्यांनी सांगितल्यावर थोरली जी गप्प झाली ती गड चढेपर्यंत गप्पच होती. वर अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहून ती म्हणाली, "आई, मी दरवर्षी किल्ल्यावर मावळे ठेवते, पण ते पाणी कुठलं पितात याचा विचारच केला नव्हता." त्या वर्षीचा आमचा किल्ला कर्नाळा झाला. सुळका एका उभ्या दगडाचा, टाकी नारळाच्या करवंट्यांची, आणि उतारावर पेरलेल्या हळिवाचे रान.

धाकट्याला मात्र फार पक्षी दिसले नाहीत. ऐकू पुष्कळ आले, दिसले थोडे. पण एक भृंगराज दिसला. घरी आल्यावर त्याने लिहिले, "काळा कुळकुळीत. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसाचे गोंडे. उडताना वाटते दोन भुंगे त्याच्या मागे लागलेत."

आता माझी चूक. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सहामाहीचे पेपर तपासायला घरी आणले होते. एकीकडे चकलीची भाजणी, दुसरीकडे पेपरांचा गठ्ठा. गठ्ठ्याशेजारीच ती वही पडलेली. उघडली, वाचली, कौतुकही वाटले. पण हातात लाल पेन होते ना! "शेपटिला" दिसले, दुरुस्त केले. "पिसाचे" की "पिसांचे"? खूण केली. पान उलटत गेले आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका काढून खाली सवयीने लिहिले, "अक्षर सुधारा", आणि सहीसुद्धा ठोकली!

धाकटा काही बोलला नाही. रडला असता तर बरे झाले असते. वही दिसेनाशी झाली आणि सकाळचे तलावावर जाणे बंद झाले. "पाय दुखतो," म्हणाला. दोन दिवसांनी तो मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेला पाहून मी ओरडले, तेव्हा थोरली फटकन म्हणाली, "आई, ती वही काय तुझ्या शाळेतली होती का?" मग समजले की वही गादीखाली गेली आहे. लाल झालेली पाने त्याने फाडली नव्हती. दुमडून एकाला एक चिकटवून टाकली होती.

त्यात ह्यांचे म्हणणे असे की गणितात गुण कमी पडले आहेत, तेव्हा पक्षी सुटले ते बरेच झाले, सुट्टीत शिकवणी लावू या. मला बाई काय बोलावे सुचेना. चूक माझी, आणि तिला पाठिंबा आयता मिळालेला!

लक्ष्मीपूजन त्या वर्षी नेमके १२ नोव्हेंबरला आले. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा हा जन्मदिवस, सन १८९६ चा. ५ नोव्हेंबर हा आपल्या मारुती चितमपल्लींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. रानातल्या पाखरांना त्यांनी किती मराठी नावे मिळवून दिली! एरवी धाकट्याने हे सगळे मला ऐकवले असते. त्या दिवशी तो फक्त पणत्या लावत होता.

भाऊबीजेला आम्ही गिरगावात माझ्या भावाकडे गेलो. दुपारी जेवणानंतर भाऊ मुलांना घेऊन खेतवाडीत चक्कर मारायला निघाला, मीही गेले. सालिम अली लहानाचे मोठे झाले ते याच खेतवाडीत. आईवडील लवकर गेलेले, मामांनी सांभाळलेले पोर. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली, म्हणून मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन, पण त्यांनाही सांगता येईना. ते "असेल काहीतरी" म्हणाले नाहीत. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड नावाच्या साहेबाकडे धाडले. काळ ब्रिटिश राजवटीचा, साहेबाच्या दारात जाताना पोराचे पाय लटपटत असणार. पण साहेबाने त्याला ना वर्ग विचारला, ना गुण. ही पीतकंठी चिमणी, असे सांगितले आणि खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्याच्यापुढे ठेवले. वाचायला पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी जपून कशी ठेवायची ते शिकवले. १९८५ साली सालिम अलींनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच दिले.

भाऊ रंगवून सांगत होता आणि मी मान खाली घालून ऐकत होते. त्या साहेबाने खण उघडले आणि मी लाल पेन उघडले!

दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे पक्ष्यांचे दालन आहे. सालिम अलींनी तरुणपणी याच संग्रहालयात व्याख्याता म्हणून नोकरी केली होती. पुढे ती नोकरी राहिली नाही, तेव्हा १९३० साली ते आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीची घरटी पाहत बसले. सुगरणीचा नर म्हणे अर्धे घर बांधून थांबतो, मादी येऊन पाहून जाते, तिला पसंत पडले तरच पुढचे काम. हे ऐकून वहिनी म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलं होतं हो, हे ब्लॉक घेताना?" आम्ही हसलो, आणि मी पाहिले, धाकटा काचेला नाक लावून उभा होता.

घरी आल्यावर मी नवी वही आणली नाही. रागावून किंवा गोंजारून काही बोललेही नाही. गादीखालची वही काढली, कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिले, "आज सकाळी कढीलिंबाच्या कुंडीवर एक पक्षी होता. लहान, हिरवा, शेपूट उभी. नाव मला ठाऊक नाही." आणि वही परत होती तिथे ठेवली.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी वही जेवणाच्या टेबलावर होती. माझ्या ओळीखाली लिहिले होते, "शिंपी. हिरवा नाही, शेवाळी. डोक्यावरची तांबूस टोपी तू पाहिलीच नाहीस." शेवाळीतला "शे" सुद्धा चुकला होता. मी पेनाला हात लावला नाही.

ह्यांच्याशी तडजोड अशी झाली, की सकाळी पाऊण तास गणित, तेही ह्यांनी स्वतः घ्यायचे, आणि मग मोकळीक. गणित एकदम सुधारले वगैरे काही झाले नाही, खोटे कशाला सांगू? पण शिकवणीचे पैसे वाचले आणि बापलेक रोज एका चटईवर बसू लागले.

या सगळ्यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. छंद दिसला की लगेच खर्च करू नये. सहा महिने टिकला तर मग दुर्बीण. खेळण्यातली तर मुळीच नको, त्यातून धूसर दिसते. ८ × ४० असे लिहिलेली साधी दुर्बीण पुरते, आणि आधी कुणाची तरी उसनी घेऊन पाहावी. घरात एक खण, नाहीतर बुटांचे खोके, मुलांच्या मालकीचे असावे. साफसफाईत ते न विचारता रिकामे करू नये. "दाखव बरं काकूंना तुझी वही," असे पाहुण्यांपुढे करू नये. एखादा छंद मार्गशीर्षात सुटला तर हळहळू नये. काड्यापेट्या सुटल्या म्हणून तर पक्षी आले. आणि फराळाला हातभार मुलीनेच का? आमच्याकडे त्या वर्षी करंज्यांना मुरड घालायला दोघेही बसले, तेव्हा कुठे किल्ल्याला दोन संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या.

शुद्धलेखन महत्त्वाचे नाही असे मी शिक्षिका असून कशी म्हणेन? पण त्याला शाळेच्या वह्या आहेत. मुलाने आपल्या आनंदासाठी उघडलेली वही तपासायची नसते, वाचायची असते.

आता चौथी वही चालू आहे. पहिल्या वहीतली ती चिकटवलेली पाने अजून तशीच आहेत. मी ती उघडायला सांगितलेली नाहीत. गेल्या कोजागरीला धोबी आला तेव्हा मात्र त्याने मला हाक मारली, आणि मी गॅस बंद करून गच्चीवर गेले.