पालकातले लोह आणि ताकातला पालक

अंगात रक्त कमी आहे असे कळले की घरातल्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो पालक खाण्याचा. हा सल्ला फोल ठरवणाऱ्यांचा एक पक्षही आता तयार झाला आहे. त्यांचे म्हणणे असे: पालकातल्या लोहाचा आकडा मुळात दशांशचिन्ह चुकल्याने दहापट फुगला, आहे ते लोह अंगी लागत नाही, ऑक्झॅलेटमुळे मुतखडा होतो, आणि बाजारातली जुडी फवारणीची, नाहीतर गटाराच्या पाण्यावरची. तेव्हा गोळ्या घ्या, दूध-पनीर खा, पाल्याचे कौतुक पुरे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुप्यासारख्या गावात हा पूर्वपक्ष चटकन पटतो. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला, पाणी जपून वापरणारा. शिवाय औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याच्या डब्यासाठी पहाटे जुडी निवडत बसायचे कोणी? म्हणूनच या पूर्वपक्षात खरे किती आणि खोटे किती, हे नीट निवडून घ्यायला हवे.

दशांशचिन्हाची कथा आधी बाजूला काढू. ती 1981 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या खुसखुशीत लेखामुळे जगभर पसरली. 2010 मध्ये माइक सटन या अभ्यासकाने तिचा माग काढला, तेव्हा अशा चुकीचा पुरावाच मिळाला नाही. पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपायसुद्धा मूळ चित्रकथेत पालकाची थोरवी सांगतो ती अ जीवनसत्त्वासाठी, लोहासाठी नव्हे. म्हणजे पालकाची दंतकथा खोडणारी कथाही दंतकथाच निघाली. तरी विरोधकांचा एक मुद्दा उरतोच, आणि तो मान्य करायला हवा. शंभर ग्रॅम पालकात लोह असते सुमारे 3 मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच शरीरात शोषले जाते. प्रौढ स्त्रीसाठी रोजची शिफारस मात्र 29 मिलिग्रॅमची आहे. मेथीत लोह पालकाच्या जवळपास दुप्पट, पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. केवळ लोहासाठी पालक खा म्हणणाऱ्यांची बाजू इथे पडते.

पालेभाजीची बाजू मात्र पडत नाही, कारण रक्त एकट्या लोहावर तयार होत नाही. याचा एक मोठा पुरावा मुंबईतच मिळाला. 1928 साली लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर गरोदर बायकांमधल्या एका घातक पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने या कामाचा पाठपुरावा केला. निकस आहारावर जगणाऱ्या गरीब बायकांत हा आजार जास्त दिसत होता. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बऱ्या झाल्या, आणि 1931 मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. पुढे 1941 मध्ये संशोधकांनी तो चार टन पालकातून वेगळा काढला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ठेवले. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे लोहाची उणीव असते, फोलेटची असते, ब-12 ची असते. ब-12 पालेभाजीत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्वारीच्या भाकरीत जे जवळजवळ नाहीच, ते अ आणि क जीवनसत्त्व आणि भरपूर कॅल्शियम मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला हे तिघे देतात. भाकरीचे अपुरेपण भरून काढणे, हे पालेभाजीचे खरे काम.

मुतखड्याच्या आक्षेपाला आपल्या चुलीवर जुनेच उत्तर आहे. ताकातला पालक आठवा: ताकात कालवलेले डाळीचे पीठ, भिजवलेली हरभराडाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची लाल फोडणी. ताकातले कॅल्शियम पालकातल्या ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधते, त्यामुळे ते रक्तात कमी उतरते. फोडणीतल्या तेलामुळे पानातले बीटा-कॅरोटिन अंगी लागते. आता कोणी म्हणेल, तेच कॅल्शियम लोहालाही अडवते. बरोबर आहे, म्हणून लोहासाठी मेथी करावी, उतरवल्यावर तिच्यावर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चूक भाजीची नसते, करणाऱ्याची असते. पालक उकळून पाणी मोरीत ओतले तर जवळपास निम्मे फोलेट त्या पाण्याबरोबर जाते.

राहिला फवारणीचा आणि गटाराचा आक्षेप. तो खरा आहे, पण तो शेतीच्या नि बाजाराच्या पद्धतीवर आहे, पानावर नाही. दूध भेसळीचे निघते म्हणून कोणी दूध वर्ज्य करत नाही. जुडी सोडून दोन-तीन पाण्यांत धुवावी, पावसाळ्यात ती नीट शिजवूनच खावी. आणि पाण्याच्या टंचाईचे म्हणाल, तर वाफ्यातली मेथी महिन्याभरात खुडायला येते. शेवगा कमी पाण्यावर वर्षानुवर्षे तग धरतो. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की झाड उलट जास्त फुटवे धरते. बियाणेही घरी राखता येते: अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. दुष्काळी मुलखात पालेभाजी परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

अपवाद आहेत, आणि ते पाळलेच पाहिजेत. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी बदलू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि वारंवार मुतखडा होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावे. गरोदर बाईने भाजीच्या भरवशावर लोहाची गोळी सोडू नये. बाकीच्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलेले माप पुरेसे आहे: दिवसाला शंभर ग्रॅम पालेभाजी. पालेभाजीला औषध म्हणून डोक्यावर घेऊ नका आणि दंतकथा म्हणून टाकूनही देऊ नका. तिची जागा ताटात, भाकरीच्या शेजारी आहे.