न उच्चारलेल्या ‘बी’ची गोष्ट

कर्ज या अर्थाचा इंग्रजी ‘डेट’ लिहिताना मुलं मधला ‘बी’ विसरतात आणि वहीत लाल रेघ उमटते. हा ‘बी’ इंग्रजीत कधी कोणी उच्चारलाच नव्हता. लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आला. लॅटिन ‘इन्सुला’शी त्या शब्दाचा काही संबंध नाही. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला ‘के’ मात्र एके काळी खरोखर उच्चारला जाई. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छपाईने स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. उच्चार मात्र बदलतच राहिले. मालकी दाखवणाऱ्या ‘इट्स’मधला अ‍ॅपॉस्ट्रॉफी आज चूक ठरतो, पण सतराव्या-अठराव्या शतकांतल्या छापील इंग्रजीत तो सर्रास दिसतो.

म्हणूनच स्पेलिंग चुकलं की मुलाची अक्कल काढणाऱ्यांचा मला राग येतो. देवनागरीत वाढलेलं मूल ऐकेल तसं लिहितं, यात त्याचं काय चुकलं? अर्जात, करारात अचूकता हवीच. पण शिक्षकांनी आधी त्या ‘बी’ची गोष्ट सांगावी आणि मग शब्द पाठ करायला द्यावा.